तेलाचं गाव कोणतं?

मी मूळचा गोंदियाचा. आमच्याकडे भात, राईस मिल, तलाव सगळं आहे. खनिज तेल तेवढं नाही आणि मिळणारही नाही. आमगावचा नाईस हा दगड दोनशे कोटी वर्षांहून जुना, जमिनीच्या पोटात पार भाजून निघालेला. तेलाला हवा जिवांचा गाळ आणि मंद आच. तेल म्हणजे शेवटी मेलेलं शेवाळ, बॅक्टेरिया आणि पालापाचोळा यांचा अर्क. १९३० च्या दशकात आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन रसायनज्ञाला तेलात चक्क हरितद्रव्याचे अवशेष सापडले होते.

आपल्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक तेलात एक लॉग फाईल असते. होपेन हे रेणू बॅक्टेरियांचे, स्टेरेन मुख्यतः शेवाळ आणि वनस्पतींचे. ओलिअनेन दिसलं की समजावं, गाळात फुलझाडांचा पाला होता. त्यांचं आपसातलं प्रमाण म्हणजे तेलाच्या बोटांचे ठसे. ऊन-पाण्यात हलके घटक उडून जातात, पण होपेन चिवट. लॉग सहसा पुसला जात नाही!

आता गोव्याला या. पावसाळ्यात किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात, पाय काळे होतात, मासेमारांची जाळी खराब होतात. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने असे गोळे तपासले. काहींचे ठसे मुंबई हायच्या तेलाशी जुळले, तर काहींचे टँकर धुऊन समुद्रात सोडलेल्या तेलाशी. म्हणजे 'कुठून येतं कोण जाणे' ही सबब संपली.

तरी साफसफाईचं बिल कोणाच्या नावावर? २०११ मध्ये मुंबईजवळ 'एमव्ही रॅक' बुडालं, तेव्हा २०१६ मध्ये हरित लवादाने जहाजाच्या मालकांना १०० कोटी भरायला सांगितले. तिथे जहाजच बुडालं होतं, त्यामुळे नाव शोधावं लागलं नाही. गुपचूप टाकी धुऊन निघून जाणाऱ्याचं काय?

कबूल, ठसे तेलाचं गाव सांगतात, जहाजाचं नाव नाही. एकाच क्षेत्राचं तेल दहा जहाजांत असू शकतं. पण जहाजांच्या मार्गांची नोंद उपग्रहांवरून मिळते. ठसे, प्रवाह आणि मार्ग एकत्र जोडले की संशयितांची यादी चार-पाच नावांवर येते. हा तर साधा डेटाबेस जॉइन आहे राव!

म्हणून माझं म्हणणं एवढंच: प्रत्येक तेलविहिरीचा आणि टँकरचा नमुना एका सरकारी संग्रहात सक्तीने जमा व्हावा, आणि दर पावसाळ्यातले निकाल सगळ्यांना बघता यावेत. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच मान्य केलंय. पाच कोटी वर्षांपूर्वीचा पाला ओळखता येतो, मग गेल्या आठवड्यात टाकी धुणारा का ओळखू नये?