लेख चोरला, आणि त्यातली जातही पुसली

गेल्या वर्षी आईवर एक लेख लिहिला. नोकरीमुळे मी सध्या झाशी जिल्ह्यातल्या गरौठ्यात राहतो. रात्री खोलीवर बसून फोनवरच लिहिला आणि ऑनलाइन टाकला. चार महिन्यांनी आतेभावाने तोच लेख मला पाठवला: "दादा, वाच. अगदी आपल्या मामीसारखं आहे."

खाली नाव भलत्याचंच होतं. त्याचा राग आलाच, पण खरा घाव पुढे होता. मी लिहिलेला 'महारवाडा' तिथे 'गरीब वस्ती' झाला होता. विहिरीवर आईच्या घागरीत वरून पाणी ओतायचे, ते वाक्य गायब होतं. जात काढून टाकली की माझी आई 'गरिबीवर मात करणारी माता' होते आणि लेख कुणालाच टोचत नाही.

आपल्याला हे नवं नाही. 1936 साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावलं आणि भाषण हातात पडल्यावर त्यातला न रुचणारा मजकूर गाळायला सांगितलं. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. अधिवेशन झालं नाही. ते भाषण त्यांनी स्वतःच्या खर्चाने छापलं. आपला शब्द आपल्या संमतीशिवाय कुणी बदलायचा नाही, हा धडा त्यातच आहे.

आज तोच हक्क कायद्यात आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुम्ही स्वतः रचून लिहिलेला मजकूर लिहिल्या क्षणापासून तुमचा असतो. नोंदणीची सक्ती नाही, © चिन्हाचीही नाही. कागदावर लिहा नाहीतर फोनवर, फरक पडत नाही. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. कल्पनेवर मालकी नसते, मांडणीवर असते. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचे नियम वेगळे आहेत. पण स्वतंत्रपणे लिहिणाऱ्याने सहीनिशी लिहून दिल्याशिवाय त्याचा हक्क दुसऱ्याकडे जात नाही. 'आमच्याकडे छापलं म्हणजे आमचं झालं' असं कुणी म्हणालं तर कागद दाखवा म्हणावं.

कलम 57 तर पाठच करून ठेवावं. हक्क विकून टाकला तरी लेखक म्हणून आपलं नाव सांगण्याचा अधिकार आपल्याकडेच राहतो. आपल्या लौकिकाला किंवा प्रतिष्ठेला बाधा आणणारी मोडतोड थांबवण्याचाही राहतो. 'महारवाडा' खोडणाऱ्याला हे कलम ऐकवायला हवं.

पण हक्क असून भागत नाही, पुरावा लागतो. झाशी म्हटलं की मराठी वाचकाला गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' आठवतो. 1907 साली चिं. वि. वैद्यांनी तो छापला तो बदल करून. मूळ मजकूर 1966 साली दत्तो वामन पोतदारांनी प्रसिद्ध केला. हस्तलिखित जपून ठेवलेलं होतं, म्हणूनच भटजींचे शब्द त्यांना परत मिळाले. आपल्या लिखाणाचं दप्तर कोण सांभाळणार? माझं हस्तलिखित म्हणजे एक फोन, आणि तो पाण्यात पडला की संपलं.

म्हणून साधी शिस्त लावून घ्या. मूळ मसुदा तारखेसह स्वतःलाच ईमेल करा. लेखात नाव, गाव, तारीख घाला. चोरी दिसली की आधी पडद्याचा फोटो आणि दुवा जपा, मगच भांडा. मजकूर ठेवणाऱ्या कंपनीकडे कॉपीराइट नियमांनुसार लेखी तक्रार करता येते. तक्रार नियमात बसत असेल तर तिने 36 तासांत तो मजकूर रोखायचा असतो. मात्र 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर तो पुन्हा दिसू शकतो. दावा आपण राहतो त्या जिल्ह्यातही लावता येतो. वकिलाची फी आपल्यातल्या बहुतेकांना परवडत नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच आपल्यातल्या कायद्याच्या पदवीधरांनी हे काम अंगावर घ्यावं.

काही मित्र म्हणतात, ज्ञान कोंडून ठेवणं ही तर त्यांची रीत, आपण कशाला कुलूप लावायचं? बरोबर आहे. चैत्यभूमीवरच्या पाच-दहा रुपयांच्या पुस्तिकांनी आपल्याला घडवलं. बाबासाहेबांचं त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन 1 जानेवारी 2017 पासून कुणालाही छापता येतं, आणि ते छापलंच पाहिजे. पण पुस्तिका वाटणाऱ्याने बाबासाहेबांचं नाव खोडून स्वतःचं घातलं, तर आपण गप्प बसू का? वाटणं वेगळं, बळकावणं वेगळं. माझ्या लेखांखाली आता एक ओळ असते: 'नावासह, एकही शब्द न बदलता खुशाल पुढे पाठवा.'

आईला लिहिता येत नाही. तिची गोष्ट सांगणारी आमच्या घरातली पहिली पिढी मी. त्या गोष्टीतली विहीर कुणी बुजवली, तर ती पुन्हा उकरून दाखवणं हे माझंच काम आहे.

जय भीम.