व्हॅनचा जीव बॅटरीत!

मागचं दार उघडं, समोर डोंगर, आत गादी, पिवळ्या दिव्यांची माळ आणि वाफाळता चहा. व्हॅनमध्ये घर करून फिरणाऱ्यांची अशी रील्स तुमच्याही फोनवर येतच असतील. बघून वाटतं, डिग्री हातात पडली की चार मित्रांनी मिळून एक जुनी व्हॅन घ्यायची आणि सुटायचं. जरूर सुटा. फक्त एक गोष्ट त्या रीलमध्ये दिसत नाही : गादीखालच्या खोक्यातली बॅटरी. गोष्टीतल्या राक्षसाचा जीव कसा पोपटात असायचा, तसा या घराचा जीव त्या खोक्यात असतो. आणि लाकूडकाम, रंग, पडदे यांवर पैसे उडाले की उरलेल्या पैशांत घाईघाईनं तीच घेतली जाते.

माझं म्हणणं एवढंच आहे की बॅटरी सगळ्यात आधी ठरवा. आणि ती ठरवायला दुकानात जायच्या आधी वही घेऊन बसा.

आता म्हणाल, गाडीत एक बॅटरी असतेच की! असते, पण ती स्टार्टर मारण्यापुरती. काही सेकंद भरपूर करंट द्यायचा, एवढंच तिचं काम. तिच्यावर रात्रभर पंखा चालवलात तर सकाळी गाडी ढकलायची तयारी ठेवा. दोन-चार वेळा असं झालं की ती बॅटरीही कामातून जाते. म्हणून घरासाठी वेगळी, सावकाश आणि खोलवर रिकामी होऊ शकणारी बॅटरी लागते.

ती केवढी हवी? गणित शाळेतलंच आहे. वॅट गुणिले तास. १२ व्होल्टचा छोटा पंखा २५ वॅटचा, ८ तास म्हणजे २०० वॅट-अवर. लॅपटॉप ६० वॅट, ४ तास : २४०. दिवे ५०, दोन फोन ४०. बेरीज ५३०. थोडी वीज वाटेत वाया जाते, म्हणून ६०० धरा. झाला तुमचा एका दिवसाचा खर्च.

आता बॅटरीकडे या. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर म्हणजे कागदावर १२०० वॅट-अवर, जेमतेम सव्वा युनिट. तुमच्या घरचं वीजबिल काढून बघा. महिन्याला १०० युनिट येत असतील तर दिवसाला तीन युनिटच्या वर जळतात. म्हणजे व्हॅनमध्ये घरासारखं राहायचा विचार सोडा. इंडक्शन शेगडी १८०० वॅट खाते. १२ व्होल्टवर तो करंट १५० अँपिअरच्या वर जातो. अर्धा तास स्वयंपाक केलात की दीड दिवसाची वीज संपली. एसीचं तर नावच नको. मोठी बॅटरी घेण्याआधी खर्च छोटा करा.

निवडीचा प्रश्न आला की कुणीतरी हमखास सांगतं, ‘अरे, घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर टाक की!’ टाकू नका. ती अवजड असते, घाटात हिंदकळते, आत अॅसिड असतं आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन बाहेर पडतो. त्याच बंद डब्यात तुम्ही झोपणार आहात. लेड-अॅसिडच घ्यायची तर सीलबंद घ्या. पण तीही निम्म्याहून जास्त वापरायची नसते, नाहीतर आयुष्य घटतं. म्हणजे हातात आले ६०० वॅट-अवर, आपला जेमतेम एक दिवस.

लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, खिशाला आधी जड वाटते. पण तिची ८० टक्के वीज बिनधास्त वापरता येते. लेड-अॅसिड काहीशे वेळा रिकामी-भरती झाली की थकते, चांगली एलएफपी दोन हजारांच्या पुढे जाते. वजन निम्म्याहून कमी. म्हणून माझं मत एलएफपीला, पण एका अटीवर. आत कुठले सेल आहेत, बीएमएस किती अँपिअरचा आहे आणि वॉरंटी लेखी मिळेल का, हे तीन प्रश्न विचारायचेच. उत्तर देताना दुकानदार चाचरला तर नमस्कार करून निघा. स्वस्त म्हणून वापरलेले सेल जोडून केलेला पॅक घेऊ नका. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाजवळ फ्यूज आणि जाड केबल हवीच. शॉर्ट झालं तर आग लागण्यापासून तेच वाचवतात. तिथे चार पैसे वाचवू नका.

चार्जिंगचंही तसंच. टपावरचं १०० वॅटचं सोलर पॅनल स्वच्छ उन्हात दिवसाला ४०० वॅट-अवरच्या आसपास देतं. जुलैत कोकणात त्याच्या भरवशावर राहू नका. गाडी चालताना चार्ज करायचं तर मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर लावा. जानेवारीत स्पितीला निघालात तर एलएफपी शून्य अंशाखाली चार्ज करू नका, आतून कायमची बिघडते. विदर्भातल्या मे महिन्यात उलट काळजी. उन्हानं दोन्ही प्रकारच्या बॅटऱ्या लवकर म्हाताऱ्या होतात, तेव्हा त्यांना सावलीत, हवेशीर जागा द्या.

निगा फार नसते, पण नियमित लागते. लेड-अॅसिड अर्धवट रिकामी ठेवून सेमिस्टरभर विसरलात तर प्लेटांवर सल्फेट जमून ती मरते. ट्रिपहून आलात की पूर्ण चार्ज करूनच ठेवा. एलएफपीचं उलटं : परीक्षेच्या काळात गाडी उभी राहणार असेल तर ती साधारण अर्धी भरलेली, वायर काढून ठेवा आणि दोन महिन्यांनी बघा. तिचं व्होल्टेज बराच काळ एकसारखंच राहतं, त्यामुळे नुसतं व्होल्टमीटर बघून किती उरलंय ते कळत नाही. शंट लावलेला मॉनिटर घ्या. टर्मिनल सैल झालीत का, हे प्रत्येक ट्रिपआधी तपासा. बॅटरी संपली की भंगारात फेकू नका. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करणं ही उत्पादकांची जबाबदारी आहे.

व्हॅन विकत घ्यायच्या आधी एक करा. या शनिवार-रविवारी वापरलेल्या प्रत्येक वस्तूवरचे वॅट आणि तास वहीत लिहा. बेरीज बघून गप्प व्हाल. मग त्यातलं काय सोडता येईल ते चौघांनी बसून ठरवा. भांडणं झालीच तर ती घरी झालेली बरी, रात्री दोन वाजता अंधाऱ्या घाटात नकोत.