प्रकाशाचा सांडवा

वैशाखांतील दुपारीं परसांतल्या हौदाकडे पाहिलें असतां पाण्यावर पुष्कळदां निळसर हिरवा तवंग दिसतो. आपण त्यास शेवाळ म्हणून मोकळे होतों. परंतु त्यांत बहुधा नीलहरित जीवाणूहि असतात. ह्यांच्याच पूर्वजांनीं सोडलेला प्राणवायु सुमारें २४० कोटी वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या वातावरणांत सांचूं लागला. असा हा उपकारकर्ता जीव भर उन्हांत करपून कां जात नाहीं, ह्याचा आज आम्ही विचार करणार आहों.

प्रकाशावर तो जगतो हें खरें. पण अतिरेक झाला म्हणजे तोच प्रकाश विष होतो. शोषलेली परंतु कामीं न लागलेली शक्ति प्राणवायूस उग्र रूप देते आणि तो पेशींतील प्रथिनांचा नाश करूं लागतो.

पेशींत प्रकाशावर चालणाऱ्या दोन यंत्रणा आहेत. ‘दुसरी’ पाण्याचें विघटन करून इलेक्ट्रॉन काढते. ‘पहिली’ त्यांस पुन्हां प्रकाशाचें बळ देऊन अन्न घडविण्याच्या कामीं धाडते. दोहोंची गति जुळली पाहिजे. पंगतीच्या दिवशीं एक सून पोळ्या लाटते, दुसरी भाजते. लाटणारीचा हात भराभर चालला आणि भाजणारी मागें पडली, तर लाटलेल्या पोळ्या सांचून एकमेकींस चिकटतात. शहाणी सासू अशा वेळीं लाटणारीजवळची मदतनीस उठवून चुलीपाशीं बसविते. पेशी हेंच करिते. मधले वाहक, म्हणजे प्लास्टोक्विनोनचे कण, इलेक्ट्रॉनांनीं भरून गेले कीं दुसरीचा प्रकाशाचा वांटा घटतो व पहिलीचा वाढतो. एकपेशीय शैवालांत हा पालट १९६९ सालीं वर्णिला गेला. तो ह्या जीवाणूंतहि आढळतो.

परंतु एकूण प्रकाशच गरजेहून अधिक झाला, तर वांटणीनें काय होणार? तेथें धरणासारखा सांडवा लागतो. ह्यांपैकीं अनेक जीवाणूंत ‘नारिंगी कॅरोटिनॉइड प्रथिन’ असतें. त्याची नोंद १९८१ सालीं झाली. त्याचें कार्य मात्र २००६ सालीं उलगडलें. प्रखर निळ्या-हिरव्या प्रकाशांत तें तांबडें होतें, प्रकाश गोळा करणाऱ्या फायकोबिलिसोम नांवाच्या रंगद्रव्यांच्या जुडग्यास जाऊन चिकटतें आणि जादा शक्ति उष्णतारूपानें सोडून देतें. ऊन ओसरलें कीं दुसरें एक प्रथिन त्यास तेथून सोडवितें व सांडवा मिटतो. ह्या प्रथिनाची रचना २००३ सालीं प्रथम कळली, ती स्पायरुलिना ह्या नांवानें विकल्या जाणाऱ्या जीवाणूच्या कुळांतून. लोणारच्या क्षारयुक्त सरोवरांतहि हें कुळ आढळलें आहे.

हा केवळ जिज्ञासेचा विषय नव्हे. वनस्पतींचीं हरितकणें अशाच प्राचीन जीवाणूंपासून आलेलीं आहेत. त्यांचा सांडवा निराळ्या प्रथिनांचा. आणि ढग आला तरी तो कांहीं काळ उघडाच राहतो, म्हणून पिकाची शक्ति वायां जाते. तो लवकर मिटावा अशी योजना तंबाखूच्या रोपांत केली, तेव्हां २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्यांचें शुष्क वजन सुमारें १५ टक्क्यांनीं वाढलें.

संचय करणें सर्वांस कळतें. अतिरेक झाला असतां सोडावें, आणि गरज सरतांच सोडणें थांबवावें, हें मात्र हौदांतील ह्या अदृश्य जीवापासून शिकण्यासारखें आहे.