संघ कुणाचा? मैदान कुणाचं?

पुण्यात २०१४ साली इंडियन सुपर लीगचा फुटबॉल संघ आला, एफसी पुणे सिटी. बालेवाडीच्या स्टेडियममध्ये पोरं नारिंगी जर्सी घालून घसा बसेपर्यंत ओरडायची, स्वतःला ‘ऑरेंज आर्मी’ म्हणवायची. २०१९ मध्ये मालक पैशाच्या अडचणीत आले आणि संघाची जागा हैदराबादच्या नव्या संघाला मिळाली. २०२५ मध्ये तोच हैदराबादचा संघ दिल्लीला गेला आणि त्याचं नावही बदललं. दोन्ही वेळा चाहत्यांच्या संमतीची अट कुठेही नव्हती. तिकीट त्यांचं, आवाज त्यांचा, निर्णय मात्र मालकाचा.

आमचे काही कार्यकर्ते म्हणतील, शिष्यवृत्ती रखडल्यात, अत्याचाराचे खटले पडून आहेत, आणि तुम्ही फुटबॉलचं काय घेऊन बसलात? आमचं म्हणणं असं की प्रश्न फुटबॉलपुरता नाही. ज्या गोष्टीवर लोकांनी आयुष्याची वर्षं खर्च केली, तिच्यावर त्यांचा हक्क आहे की नाही, हा तो प्रश्न आहे. आणि आंबेडकरी चळवळीला तो नवा नाही.

महाडचा सत्याग्रह आपण दरवर्षी आठवतो, पण त्यानंतरचा खटला किती जणांना माहीत आहे? चवदार तळं आमच्या खासगी मालकीचं आहे, असा दावा करूनच सवर्ण मंडळी बाबासाहेबांविरुद्ध कोर्टात गेली होती. ती लढाई दहा वर्षं चालली आणि १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टात बाबासाहेबांच्या बाजूने निकाल लागला. लोकांना बाहेर ठेवायचं असलं की मालकीचा कागद पुढे करायचा, ही युक्ती तेव्हापासून आपल्या ओळखीची आहे. फुटबॉल संघ आणि पाणी एका तराजूत तोलता येणार नाहीत, हे आम्हालाही कळतं. पाणी हा जगण्याचा प्रश्न होता. पण कागदाची भाषा दोन्हीकडे एकच आहे.

लंडनच्या विम्बल्डन फुटबॉल क्लबच्या चाहत्यांनी ही भाषा मान्य केली नाही. क्लब मिल्टन कीन्सला न्यायला २००२ मध्ये तीन जणांच्या समितीने दोन विरुद्ध एक मतांनी परवानगी दिली. चाहते ती लढाई हरले. पण त्याच वर्षी त्यांनी एएफसी विम्बल्डन हा स्वतःच्या मालकीचा क्लब काढला आणि अगदी खालच्या पातळीवरून खेळायला सुरुवात केली. २०११ मध्ये तो क्लब व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये पोचला आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या भागात, प्लाउ लेनला परतला. नुसता निषेध करून ते थांबले नाहीत, त्यांनी संघटना उभी केली आणि मालकी सामूहिक ठेवली.

दुसरं उदाहरण अमेरिकेचं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाने १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन या काळ्या खेळाडूला मैदानात उतरवून वर्णभेदाची भिंत पाडली. १९५७ च्या हंगामानंतर मालकाने हा संघ लॉस एंजेलिसला नेला. ब्रुकलिन रडलं, त्यावर आजही लिहिलं जातं. पण डॉजर्सचं नवं स्टेडियम ज्या जमिनीवर उभं राहिलं, तिथे आधी मेक्सिकन वंशाच्या गरीब कुटुंबांची वस्ती होती. सरकारी घरं बांधायची म्हणून ती वस्ती उठवली, घरं मात्र बांधलीच नाहीत. १९५९ मध्ये उरलेल्या कुटुंबांना बळाने बाहेर काढलं आणि १९६२ मध्ये तिथे सामने सुरू झाले. एका शहराचा संघ गेला, दुसऱ्या शहरातली वस्ती गेली. संघासाठी जेवढे लोक रडले, तेवढे त्या वस्तीसाठी रडले नाहीत.

आता माटुंग्याकडे या. लेबर कॅम्पात आणि लागूनच्या धारावीत गल्लीगल्लीत मंडळांचे कबड्डीचे आणि टेनिस बॉल क्रिकेटचे संघ आहेत. त्यांना मालक नाही. वर्गणी काढून टी-शर्ट छापतात, बुद्धजयंतीला हीच पोरं मांडव घालतात, रात्री अपरात्री कुणाला सायनच्या हॉस्पिटलात न्यायचं तर हीच धावतात. धारावीच्या पुनर्विकासात १ जानेवारी २००० पूर्वीचं तळमजल्याचं घर असलेल्यांना धारावीतच घर मिळणार, बाकीच्यांना बाहेर, उपनगरांत पाठवणार. एकाच गल्लीतला चढाईपटू इथे राहील आणि पकड करणारा दूर जाईल. इथे मालक संघ हलवत नाही, संघाखालची वस्तीच हलवली जाते.

म्हणून आमच्या मागण्या अशा : एका गल्लीतल्या कुटुंबांचं पुनर्वसन एकत्र करा. मोकळं मैदान आराखड्यात कायम ठेवा आणि त्याचं व्यवस्थापन रहिवाशांच्या समितीकडे द्या. पात्र-अपात्रतेच्या निकषात वस्तीत घालवलेली वर्षं मोजा, मजला नव्हे.

आणि तरुण मित्रांनो, आयपीएलची जर्सी खुशाल घाला. पण ज्या संघाच्या निर्णयात तुमचं एक मतही नाही, त्याच्यासाठी जेवढा घसा बसवता, त्याच्या निम्मा तरी गल्लीच्या सभेत बसवा. मंडळाची नोंदणी करा, सभासदांची वही नीट ठेवा, खेळाडूंचे पत्ते आणि रहिवासाचे पुरावे गोळा करा. उद्या कुणी कागद पुढे केला, तर आपल्याही हातात कागद हवा.

जय भीम!