घाटाची वाट, सपाटीची गाडी



नवरात्र सरले, दिवाळी तोंडावर आली. कपाशीची पहिली वेचणी घरात येऊन पडली असेल, मका-ज्वारी खळ्यावर असेल. हातात चार पैसे आणि अंगाला थोडी उसंत, असे हे दिवस. जत्रा, देवदर्शन, पाहुण्यांकडे जाणे-येणे सारे याच दिवसांत होते. म्हणून आज पीक, खत, फवारणी बाजूला ठेवून वेगळ्या विषयावर बोलणार आहे. निमित्त आहे एका पत्राचे.

यावल तालुक्यातून एका ताईंनी लिहिले आहे: "भाऊ, मुलाने कपाशीच्या पैशातून नवी मोटारसायकल घेतली. आता मित्रांबरोबर तोरणमाळला जायचे म्हणतो. माझे थोरले दीर दहा वर्षांपूर्वी घाटातच गेले. नाही म्हटले तर मुलगा ऐकत नाही. मोबाइलवर गुलमर्गची बर्फावरची स्कूटर दाखवतो आणि म्हणतो, लोक बर्फावर गाडी चालवतात, मी डांबरावर चालवू शकत नाही का? तुम्ही डोंगरात नोकरी केली आहे. जाऊ द्यावे का?"

ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर शेवटी देतो. आधी माझीच फजिती ऐका.

मी मूळचा धरणगावकडचा, काळ्या जमिनीतला, सपाटीचा माणूस. १९९७ साली माझी बदली धडगाव भागात झाली. तेव्हा नंदुरबार जिल्हा वेगळा झाला नव्हता, सारा मुलूख धुळे जिल्ह्यातच होता. सपाटीवर दहा वर्षे गाडी चालवलेली, त्यामुळे घाटाचे भय वाटले नाही. उलट उतार दिसला की आनंदच व्हायचा. पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडून द्यायची आपल्याकडे सवय आहे. मीही तेच केले. पहिली तीन वळणे मजेत गेली. चौथ्या वळणाला ब्रेक दाबला, तर पायाखाली नुसता पोकळ पत्रा. हातातला ब्रेक मुठीला टेकला तरी गाडी थांबेना. जळक्या लायनरचा वास नाकात भरला. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला डोंगर. देवाने बुद्धी दिली म्हणून डोंगराच्या बाजूच्या नालीत गाडी घातली. नडगी सोलली, हेडलाइट फुटला, जीव वाचला.

शेजारच्या शेतात एक म्हातारे पावरा बाबा भगर कापत होते. ते धावत आले. मी बाटलीतले पाणी चाकावर ओतायला निघालो तर त्यांनी हात धरला. म्हणाले, "साहेब, तापल्या तव्यावर पाणी टाकू नका, तडकेल. अर्धा तास बसा. आणि ध्यानात ठेवा, गाडी ज्या गिअरात चढते त्याच गिअरात उतरते." बाबांनी जन्मात गाडी चालवली नव्हती. रस्त्याकडेच्या शेतातून चाळीस वर्षे गाड्यांचे आवाज मात्र ऐकले होते.

बाबांच्या या एका वाक्यात सारा घाट आला. शास्त्र असे आहे: ब्रेक दाबला की लायनर ड्रमवर घासतो आणि उष्णता होते. सपाटीवर ती वाऱ्यावर निघून जाते. घाटात ब्रेक सतत दाबलेला राहतो, उष्णता साठत जाते, आणि तापलेला लायनर पकडच सोडतो. डिस्क ब्रेकच्या गाडीतही फार तापल्यावर तेलाला बुडबुडे येतात आणि ब्रेक बसतो. गाडी दुसऱ्या किंवा पहिल्या गिअरात ठेवली, तर इंजिनच तिला मागे ओढून धरते आणि ब्रेक वळणापुरताच लागतो. आणि पेट्रोल वाचवायचे म्हणाल, तर इंजेक्शनच्या नव्या गाड्या ॲक्सिलरेटर सोडून गिअरात उतरताना पेट्रोल जवळजवळ घेतच नाहीत. तेव्हा इंजिन बंद करून उतरण्यात बचत काही नाही, धोका मात्र पुरा.

मोठ्या गाड्यांनाही हे चुकत नाही. आपल्या शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ ४ जुलै २०२३ रोजी मुंबई-आग्रा रस्त्यावर ब्रेक निकामी झालेला मालट्रक गाड्यांना उडवत हॉटेलात शिरला. किमान १० माणसे गेली. त्यांतले काही जण तर रस्त्याकडेला नुसते उभे होते. म्हणून ताई, घाटाच्या पायथ्याशी चहाला थांबायचे तर उताराच्या तोंडावर थांबू नये, हेही मुलाला सांगा.

आता हंगामाचे पाहू. पेरणीला जसा वाफसा पाहावा लागतो, तसा घाटालाही वाफसा असतो.

पावसाळा डोळ्यांना सर्वांत सुंदर आणि चाकांना सर्वांत वाईट. तोरणमाळचा सातपायरी घाट, यशवंत तलाव, सीताखाई पाहायला लोक याच दिवसांत धावतात. पहिल्या पावसाचे दोन-चार दिवस फार वाईट. रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ भिजून साबणासारखी होते. पुढे दरडी सुटतात. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस चाळीसगाव भागात अतिवृष्टी झाली, तेव्हा कन्नड घाटात जागोजागी दरडी कोसळून रस्ता बंद पडला. खाली चाळीसगावात पूर आला, गुरेढोरे वाहून गेली. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर पोटरीएवढे पाणीही मोटारसायकल ओढून नेते. आपल्या नाल्यांचे पाणी तास-दोन तासांत ओसरते, तेवढे थांबायला काय हरकत आहे? पाण्यातून गाडी निघालीच, तर पुढे शंभर पावले ब्रेक हलका दाबत न्यावा म्हणजे लायनर सुकतो.

दिवाळी ते माघ हा नवख्यासाठी उत्तम काळ. रस्ता कोरडा, हवा स्वच्छ. पण दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली थंडी. हजार मीटर चढले की हवा सहा-साडेसहा अंशांनी गार होते. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार फुटांहून उंच आहे. शहाद्याला सदऱ्यावर निघालेला मुलगा वर पोचेपर्यंत कुडकुडतो, बोटे आखडतात आणि ब्रेक दाबायला उशीर होतो. स्वेटर आणि हातमोजे नटण्यासाठी नाहीत, ब्रेकसाठी आहेत. दुसरी गोष्ट उसाच्या ट्रॉल्या. गळीत हंगाम सुरू झाला की पायथ्याच्या रस्त्यांवर बिनदिव्याच्या ट्रॉल्या रात्री उभ्या असतात. जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत. यात आपणही दोषी आहोत. ज्यांच्या घरी ट्रॉली आहे त्यांनी आजच मागे लाल चमकपट्टी लावावी.

महाशिवरात्रीला तोरणमाळला गोरखनाथाची यात्रा भरते. होळीआधी चोपडा, यावल, शिरपूर, धडगाव भागात भोंगऱ्याचे बाजार भरतात. ढोल वाजवत, नटून-थटून माणसे रस्त्यानेच चालतात. तो त्यांचा सण आणि त्यांचाच रस्ता. तिथे गाडी माणसाच्या चालीने न्यावी.

उन्हाळ्यात वळणावळणावर मुरूम आणि सागाचा वाळका पाला साचतो. त्यावर पुढचा ब्रेक एकदम दाबला की गाडी आडवी झालीच. वेग वळणाआधी कमी करावा, वळणात नव्हे. याच दिवसांत भल्या पहाटे मोह गळतो आणि बाया-मुले टोपल्या घेऊन रस्त्याकडेच्या झाडांखाली वाकलेली असतात. अंधुक उजेडात ती दिसत नाहीत. विडीचे थोटूक तर वाळक्या रानात मुळीच फेकू नये.

निघण्याआधी काय पाहावे? बैल जुंपण्याआधी आपण खूर पाहतो, जू पाहतो, तसेच हे. टायरची नक्षी झिजलेली नसावी. ब्रेकची केबल आणि लायनर फिटरकडून पाहून घ्यावेत. साखळी ताणलेली असावी. शेतातून आलेल्या गाडीच्या चाकांची काळी माती धुऊन काढावी, ओल्या रस्त्यावर तीच घसरवते. पेट्रोल शहाद्यालाच भरावे. वर मोबाइल लागेलच असे नाही, म्हणून किती वाजता परतणार ते घरी सांगून निघावे. शहाद्याहून तोरणमाळ पन्नास-पंचावन्न किलोमीटर आहे. पहाटे निघावे आणि दुपारी तीन-साडेतीनला खाली उतरायला लागावे. डोंगराच्या पोटात सूर्य लवकर बुडतो.

घाटाचा एक कायदाही आहे, तो फार थोड्यांना ठाऊक असतो. रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्याने बाजूला थांबावे आणि चढणाऱ्याला वाट द्यावी. चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणे अवघड असते, म्हणून हा नियम. वळणावर हॉर्न द्यावा, डावी बाजू सोडू नये. एसटीला वळायला पुरा रस्ता लागतो, तिच्या कडेने घुसू नये. हेल्मेट चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही हवे. मागे बसलेल्या बहिणींनी पदर आणि ओढणी खोचून घ्यावी. चाकात पदर गेला तर सावरायला वेळ मिळत नाही.

आता ट्रॅक्टर आणि पिकअपविषयी थोडे कडक बोलतो, राग मानू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्या यात्रेकरूंची पिकअप चांदशैली घाटात उलटली. घरोघरचे तरुण गेले. दिवाळीच्या पणत्या लागायच्या त्या घरांत आकांत झाला. मालाच्या गाडीत माणसे भरणे कायद्याने मना आहे, आणि अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळणेही कठीण होते. ट्रॉलीला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो. उतारावर ती मागून ढकलते आणि ट्रॅक्टर आडवा होतो. शेतात वळायला सोपे म्हणून आपण ट्रॅक्टरच्या दोन ब्रेकचे पायडल सुटे ठेवतो. रस्त्यावर येताना ते पट्टीने जोडले नाहीत, तर एकच चाक अडते आणि ट्रॅक्टर उलटतो. "काही व्हत नही भाऊ" हे आपले पेटंट उत्तर. ज्यांच्या घरी झाले, त्यांनीही आदल्या दिवशी हेच म्हटले होते. यात्रेला एसटीने जावे किंवा प्रवासी परवान्याची गाडी करावी. चार पैसे जास्त जातील, पण सारी माणसे घरी येतील.

ताई, आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. मुलगा अठरा वर्षांचा नसेल आणि लायसन नसेल, तर उत्तर साफ नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. लायसन असेल, तर अडवू नका. अडवलेला मुलगा न सांगता जातो, आणि न सांगता गेलेल्याला कोणी शोधायचे? आधी त्याला पालच्या रस्त्यावर, कोणा जाणत्या माणसाच्या मागे, दोनदा चढू-उतरू द्या. मग दिवाळीनंतर कोरड्या दिवशी तोरणमाळला पाठवा. गुलमर्गच्या स्कूटरचे म्हणाल, तर तिथेही नवख्याबरोबर सहसा वाटाड्या असतो आणि हवा बिघडली की स्कूटर उभ्या राहतात. डोंगर बर्फाचा असो की काळ्या पाषाणाचा, तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. आणि दिरांची गोष्ट मुलाला एकदा नीट बसवून सांगा. धाक घालायला नको. घरात काय घडले, हे त्याला ठाऊक असले पाहिजे.

अपघात दिसला तर थांबा. १०८ वर रुग्णवाहिकेला आणि ११२ वर पोलिसांना फोन करा. त्या दिवशी पावरा बाबा भगर तशीच टाकून माझ्यासाठी धावले नसते, तर आज हे लिहायला मी असतो की नाही, कोण जाणे.

पुढच्या आठवड्यात पुन्हा आपल्या कपाशीकडे वळू. फरदड का घेऊ नये आणि गुलाबी बोंडअळीला पुढच्या सालचे निमंत्रण कसे टाळावे, ते पाहू. तोवर दिवाळी सुखाची जावो, आणि बाहेर गेलेले प्रत्येक माणूस दिवेलागणीला घरी येवो.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी