तो रिक्षावाला कोण?

गेल्या आठवड्यात मास कॉमच्या पोरांना शिकवायला गेले. असाइनमेंट सोप्पी: रिक्षा स्टँडवर तीन जणांशी बोला. एकाची कॉपी झक्कास! रिक्षावाल्याचं वाक्य तर थेट हेडलाइनच. 'नंबर दे, फोन लावू,' म्हटलं, तर साहेब गप्प.

मग वर्गाला जेनेट कुकचा किस्सा सांगितला. १९८० मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये तिने हेरॉइन घेणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाची स्टोरी केली. पोलिसांनी शहरभर शोधलं, मुलगा सापडेना. १९८१ मध्ये तिला पुलित्झर मिळालं आणि लगेच परतही करावं लागलं. मुलगा नव्हताच!

खरं सांगू? डेडलाइन डोक्यावर असली की असा मोह मलाही होतो. म्हणूनच वहीत नाव, नंबर, तारीख लिहायचीच. काल तो पुन्हा स्टँडवर जाऊन आला. वाक्यं साधीच, पण माणसं खरी. फुल मार्क्स, बॉस!