फोर्क घेताना भाव नंतर, वजनाचा हिशेब आधी

भिवंडीच्या मागांवरचे ग्रे कापड डोंबिवलीच्या एमआयडीसीत प्रोसेसला जाते. या येण्याजाण्यात माल अनेकदा उचलावा लागतो. फोर्कलिफ्टची लहान चाके चिखलाच्या आवारात रुततात. म्हणून काही व्यापारी बंधू ट्रॅक्टर लोडरची बकेट काढून तिथे पॅलेट फोर्क, म्हणजे दोन लोखंडी काटे, बसवू पाहतात. विचार चांगला आहे. पण दुकानात पहिला प्रश्न "केवढ्याला?" असा नसावा, "किती वजन, आणि किती पुढे?" असा असावा.

लोडर एक टन उचलतो, एवढ्यावर विसंबू नये. त्यातून फोर्कच्या साच्याचे वजन वजा होते. शिवाय काट्यांवरचा माल बकेटमधल्या मालापेक्षा पुढे राहतो. काट्याच्या उभ्या भागापासून मालाच्या मध्यापर्यंतच्या अंतराला लोड सेंटर म्हणतात. फोर्कची जोडी 500 मिलिमीटरवर 1000 किलोची असेल, तर 750 मिलिमीटरवर ती सुमारे 667 किलोचीच समजावी. ट्रॅक्टर आणि फोर्क यांत ज्याचा आकडा कमी, तोच खरा. मागे पुरेसे वजन जोडले नाही तर मागची चाके हलकी होतात आणि ट्रॅक्टर कलंडतो. माल चढवल्यावर तो खाली ठेवूनच चालावे.

काट्याची लांबी मालाच्या खोलीच्या निदान दोन तृतीयांश असावी. 1200 बाय 1000 मिलिमीटरच्या पॅलेटला साधारण एक मीटरचे काटे पुरतात. फार लांब काट्याचे टोक मागच्या गाठीत घुसते आणि ताग्यामागून तागा फाटतो. गाठ पॅलेटवर ठेवूनच उचलावी, काटा खुपसून नव्हे. हायड्रॉलिक पाइपही रोज पाहावा. तेलाचा एक डाग अख्ख्या ताग्याचा भाव पाडतो.

काट्याचा वाकाजवळचा भाग 10 टक्के झिजला की तो काढून टाकावा, कारण तेवढ्या झिजेने सुमारे 20 टक्के ताकद जाते. तडा गेलेला काटा गल्लीत वेल्डिंग करून पुन्हा वापरणे म्हणजे माणसाच्या डोक्यावर जोखीम टांगणे होय.

डिझेलचा ट्रॅक्टर बंद गोदामात नेऊ नये. धूर कोंडतो, आणि सुताजवळ ठिणगीचे भय असते. आत हाताने ओढायचा पॅलेट ट्रक पुरे.

आता हमालांविषयी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1967 च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने उचलायच्या ओझ्याची मर्यादा 55 किलो आहे. आपल्या गाठी त्याहून कितीतरी जड असतात. महाराष्ट्राचा माथाडी कायदा 1969 चा आहे. यंत्र आले म्हणून त्याखालची आपली जबाबदारी संपत नाही. यंत्राने त्यांच्या पाठीवरचे ओझे उतरवावे, त्यांच्या पोटावर पाय देऊ नये. त्यांच्यापैकीच एखाद्या होतकरू तरुणाला रीतसर शिकवून चालक करावे.

एकट्याला खर्च झेपत नसेल तर एका आवारातील चार-पाच गाळेवाल्यांनी मिळून फोर्क घ्यावा. मात्र त्यावर वजनाचा आकडा ठळक लिहून ठेवावा, आणि घाईच्या दिवशीही तो मोडू नये.